संकर असला म्हणून काय?

महोदय,
लांडगे, कोल्हे, खोकडे यांची जनुके तपासणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वेन डिसेंबर २०२२मध्ये गेले. आफ्रिकेतला ‘सोनेरी कोल्हा’ प्रत्यक्षात वेगळीच, लांडग्यांना जवळची जात आहे, हे दाखवणाऱ्या २०१५च्या अभ्यासात ते होते. पण मला अमेरिकेतल्या दुर्मीळ तांबड्या लांडग्यावरचा त्यांचा वाद अधिक मोलाचा वाटतो. हा करडा लांडगा आणि कायोटी (उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) यांचा संकर, असे त्यांनी १९९१मध्ये मांडले. ही स्वतंत्र जातच नाही म्हणून त्याचे कायदेशीर संरक्षण काढून घ्यायला एवढे निमित्त पुरले असते! वेन यांची भूमिका मात्र संकरित प्राण्यांनाही कायद्याने संरक्षण द्यावे अशीच होती. पुढे २०१९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने तांबड्या लांडग्याला स्वतंत्र जात मानले. वाद अजून मिटलेला नाही.
– एक वाचक