न्यूनतम दराबाहेरचा खर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालयात भांडारपाल म्हणून मी बरीच वर्षे काढली. निविदा उघडल्या की तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराभोवती लाल शाईने गोल काढायचा आणि नस्ती (फाइल) वर पाठवायची, हे इतके अंगवळणी पडले होते की त्या गोलाबाहेरही खर्च असतो, हे ध्यानात यायला वेळ लागला.

निवृत्तीच्या थोडे आधी चाळीस पंखे घ्यायचे होते. साधारण ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्यावेत, असे मी टिपणीत सुचवले. ते नगामागे हजार-बाराशेने महाग होते, म्हणून ‘लेखाआक्षेप येईल’ असा शेरा पडून नस्ती परत आली आणि ७५ वॉटचे साधे पंखे लागले. दिवसाला १० तास आणि वर्षाला २५० दिवस वापर धरला, तर अशा पंख्याला ११२ युनिट जास्त लागतात. युनिटला १० रुपये धरले, तरी वाढीव किंमत वर्षभरातच जवळपास वसूल झाली असती. परंतु खरेदी एका लेखाशीर्षातून (खर्चाच्या ठरावीक खात्यातून) होते आणि वीजबिल दुसऱ्यातून भरले जाते, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याच टेबलावर होत नाही.

न्यूनतम दराची पद्धत मोडीत काढा, असे माझे म्हणणे नाही. ती गेली तर मर्जीतल्या ठेकेदारांचे फावेल. विजेचा वापर, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय हे निकष तांत्रिक तपशिलातच लिहावेत आणि ते पुरे करणाऱ्यांमध्ये दराची स्पर्धा व्हावी. विजेच्या उपकरणांना ठरावीक तारांकन (वीजबचतीचे ‘स्टार’) असावे, अशी तरतूद केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आहेच. शिवाय चांगली वस्तू कायम महागच राहते असेही नाही. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतलेला एलईडी बल्ब एकगठ्ठा खरेदीमुळे २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला होता.

सेवांच्या ठेक्यांत तर प्रकार अधिक गंभीर आहे. सफाईच्या ठेक्यात बहुतेक रक्कम किमान वेतनाचीच असते, तरीही स्वतःचे सेवाशुल्क जवळजवळ शून्य लिहिणारा ठेकेदार निविदा जिंकतो. मग त्याचा नफा कामगारांच्या हजेरीपटातून आणि भविष्य निर्वाह निधीतून निघतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने अशा सेवांतही ठेकेदार निवडताना गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक (वजन) देण्याची मुभा दिली. मात्र सही करणाऱ्याला लेखापरीक्षणाची धास्ती असेल, तर तो मुभेच्या वाटेला जात नाही.

म्हणून राज्याच्या वित्त विभागाने तुलनात्मक तक्त्यात पाच वर्षांचे वीजबिल आणि देखभाल असे दोन रकाने सक्तीचे करावेत, आणि त्या बेरजेवर घेतलेला निर्णय लेखापरीक्षणात ग्राह्य धरला जाईल, असे लेखी कळवावे.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल, सातारा