उरलेल्या अहळिवांचं काय करायचं

विंचेस्टर, इंग्लंड
नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

वहिनीचे लाडू करून उरलेले अहळीव डब्यात तसेच पडलेत, असं परवा फोनवर म्हणालीस. नीट सांगणार तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि क्रिकेट सुरू झालं, म्हणून लिहूनच कळवते. त्यातले दोन चमचे काढ आणि पेर. मातीत नाही, ताटात.

इथे अहळिवाचं बी कुणी खात नाही. त्याची बोटभर उंचीची कोवळी रोपं कच्ची खातात, त्याला क्रेस म्हणतात. छोट्या डबीत मुळांसकट उभी असलेली मिळतात, घरी आणून कात्रीने वरून छाटायची. उकडलेल्या अंड्याच्या सँडविचमध्ये क्रेस हवीच, असा इथल्या लोकांचा दंडक आहे. दुकानातल्या डबीत मात्र पुष्कळदा मोहरीच्या कुळातल्याच रेप नावाच्या तेलबियाची रोपं असतात, कारण ती स्वस्त पडतात. ओळखायला सोपं आहे: अहळिवाच्या पहिल्या दोन्ही दलांना तीन-तीन फाटे असतात, रेपचं दल साधं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. मी आता डबी डोळ्यांजवळ धरून पानं तपासते. दुकानातली माणसं बघत राहतात, बघू देत.

तुझ्याकडे अस्सल बीच आहे. संपलं तर मांडवीतल्या गांधीकडे, म्हणजे काष्ठौषधीवाल्याकडे, असेळियो या गुजराती नावाने मागितलास की देईल. फक्त खायचंच आण. शेतीच्या दुकानातल्या बियाण्याला औषध चोळलेलं असू शकतं. आपलं खायचं बी वाटीत भिजत मात्र घालू नकोस. लाडवाच्या वेळी नारळाच्या पाण्यात कसे फुगून बुळबुळीत होतात, तसा गोळा होईल आणि एकही दाणा सुटा होणार नाही. उथळ थाळीत धुतलेलं मलमल दुहेरी घाल, ओलं कर आणि वरून कोरडं बी पातळ भुरभुरव, दाण्याला दाणा चिकटणार नाही इतपत. त्या चिकट थरानेच बी कापडाला धरून बसतं. पहिले दोन-तीन दिवस वर दुसरी थाळी उपडी घालून अंधारात ठेव, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपड. कोंब उभे राहिले की खिडकीत ठेव, दुपारच्या उन्हात नको. आठवड्याभरात कापायला येतात. पाणी थाळीत साचू देऊ नकोस. कुबट वास आला किंवा कापड बुळबुळीत काळपट झालं तर धुऊन बघू नकोस, सगळं टाकून दे. मुळांवर दिसणारा बारीक पांढरा कापूस मात्र मुळांचेच केस असतात, पाणी मारलं की चिकटून बसतात. बडोद्याच्या मे महिन्यात हा उद्योग करू नये. आत्ता करून बघ, थंडी येतेच आहे.

चव तिखट, नाकात जाणारी. चावल्यावरच ती सुटते आणि शिजवलं की निघून जाते, म्हणून फोडणी नको. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि लिंबू घालून अगदी वाढताना मिसळ. घट्ट दह्यात मीठ-साखर घालून केलेली फारच छान लागते, भाकरीबरोबर तर विचारू नकोस. दादाला सांग, शेव उसळीवर कांद्याची पात घालतोस तिथे एकदा ही घाल. बडोद्याबाहेर कुणाला ही सूचना करण्याची माझी हिंमत नाही.

आता गुणांचं. लाडवातल्या बियांत लोह चांगलं असतं, पानांत फारसं नसतं, 100 ग्रॅमला 1.3 मिलिग्रॅम. पण पानांत क जीवनसत्त्व 69 मिलिग्रॅम असतं आणि धान्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. म्हणजे वहिनीने बाजरीच्या भाकरीबरोबर पाला खाल्ला तर उपयोगच आहे. अर्थात 100 ग्रॅम कोण खातं? एका वेळी दहा ग्रॅम, म्हणजे सातेक मिलिग्रॅम. अर्ध्या लिंबाच्या रसात मिळतं जवळपास तेवढंच. तेव्हा मिरजेची मावशी ‘सुपरफूड’ म्हणून काहीबाही पाठवत असेल तर मनावर घेऊ नकोस. चवीला चांगलं आहे, ताजं आहे, एवढं मला पुरतं.

मी स्वतः मात्र जास्त करून हिची पाण्यातली बहीण आणते, वॉटरक्रेस. इथून जवळच ऑल्सफर्ड आहे. तिथे खडूच्या दगडातून झिरपून आलेल्या झऱ्यांच्या थंड, वाहत्या पाण्यात तिचे वाफे आहेत. 1865 साली आगगाडी आली आणि इथली भाजी टोपल्या भरभरून लंडनला जाऊ लागली. आज तीच गाडी वाफेच्या इंजिनावर हौशी लोकांसाठी धावते, वॉटरक्रेस लाइन या नावाने. जुडी घेताना गडद हिरवी घ्यायची, एकही पान पिवळं नको, देठ मोडला की कट्‌कन आवाज यायला हवा. मोठी पानं जास्त तिखट. फुलांसारखी देठ पाण्यात बुडवून ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. बटाट्याच्या सूपमध्ये अगदी शेवटी घालून लगेच वाटली की रंग हिरवागार राहतो. ओढ्याकाठची रानटी मात्र मी हात लावत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. वरच्या अंगाला मेंढ्या चरत असतील तर त्या पानांवरून यकृतात जाणारा कृमी पोटात येऊ शकतो.

एक गोष्ट बाबांपुरती, आणि ही नीट वाच. ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. ती वॉर्फरिन किंवा त्याच जातीची असेल तर के जीवनसत्त्वाने तिचा परिणाम कमी होतो. अहळिवाच्या पाल्यात ते 100 ग्रॅमला 540 मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे दहा ग्रॅमची मूठसुद्धा 54. पुरुषाला दिवसाला 120 पुरेसं धरतात. पाला खायचाच नाही असं नव्हे, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं होता कामा नये. पालक-मेथीलाही हेच लागू आहे. गोळीचं नाव पाकिटावरून वाचून डॉक्टरांना आधी विचार, मगच त्यांच्या ताटात वाढ. तोवर थाळी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, कारण खिडकीतलं काहीही तोंडात टाकायची त्यांची सवय तुला माहीत आहे.

वहिनीला आणि बाळाला खूप प्रेम. दादाला शेव उसळीचं काय झालं ते कळवायला सांग.

तुझी,
माई