सुधारित वेळापत्रकातील नव्वद दिवस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या विद्यापीठाने पहिल्या सत्राचे सुधारित शैक्षणिक वेळापत्रक नुकतेच संलग्न महाविद्यालयांना पाठवले आहे. अध्यापनाचे दिवस नव्वद भरत नाहीत हे सत्र सुरू झाल्यावर लक्षात आल्याने चार रविवार कामकाजाचे ठरवण्यात आले, दिवाळीच्या सुटीतला एक आठवडा कमी करण्यात आला आणि सत्रसमाप्तीची तारीख थोडीशी पुढे सरकली. मी तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी.च्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. परवा कामानिमित्त महाविद्यालयात गेलो, तेव्हा फलकावर जुन्या परिपत्रकाच्या उरावर नवे परिपत्रक टाचलेले होते आणि त्यातल्याही एका तारखेवर लाल शाईने फुली मारून दुसरी तारीख घातलेली होती.

नव्वदचा आग्रह चुकीचा आहे, असे मला म्हणायचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार आठवड्याचे सहा दिवस धरून वर्षात किमान 30 आठवडे, म्हणजे 180 दिवस, प्रत्यक्ष अध्यापन झाले पाहिजे. प्रवेश, परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा यांसाठीचे आठवडे त्याच नियमात वेगळे दाखवलेले आहेत. पाच दिवसांचा आठवडा असेल तर आठवड्यांची संख्या त्या प्रमाणात वाढवावी, हेही त्यात स्पष्ट आहे. पंधरा आठवड्यांचे एक सत्र आणि त्यात नव्वद दिवस, हा हिशेब इतका सरळ असताना तो सत्र सुरू होण्याआधी का जमत नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

यंदा तर तो जमायला अडचण नव्हती. 17 मे ते 15 जून 2026 हा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले आहेत. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते, यंदा ते 8 नोव्हेंबरला आहे. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टवरून 14 सप्टेंबरला गेली आहे. म्हणजे दिवाळीपूर्वी अठरा दिवस आयते हाती आले होते. ते अध्यापनाला देऊन परीक्षा दिवाळीच्या तोंडावर संपवता आली असती. रविवारांना हात लावण्याची किंवा सुटी कापण्याची वेळच आली नसती. पण मूळ वेळापत्रकातील परीक्षेच्या तारखा जवळजवळ गेल्या वर्षीच्याच आहेत. वर्ष बदलून तोच तक्ता पुन्हा छापला गेला असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. घराघरांत भिंतीवर टांगलेले पंचांग एकदा उघडले असते तरी हे टळले असते! दिवाळी उशिरा आल्यामुळे दुसरे सत्र उशिरा सुरू होते आणि मे महिन्यात शिरते, ही अडचण मी नाकारत नाही; परंतु ती जूनमध्येच सांगितली गेली असती, तर विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आपापले बेत त्याप्रमाणे आखता आले असते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दिवस नव्वद भरले म्हणून प्रत्येक विषयाचे तास भरतात असे नाही. आता श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत सिद्धान्ताच्या एका श्रेयांकाला पंधरा तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास लागतात. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर तास श्रेयांकांच्या रूपाने येतात, दिवस येत नाहीत. यंदा 25 सप्टेंबरची अनंत चतुर्दशी आणि 2 ऑक्टोबरची गांधी जयंती असे लागोपाठचे दोन शुक्रवार जाणार आहेत, आणि गणेश चतुर्थी सोमवारी आहे. ज्यांचे प्रात्यक्षिक शुक्रवारी आहे, त्या तुकडीचे दोन प्रयोग बुडतील आणि बुधवारच्या तुकडीला त्याची झळही लागणार नाही. मग वाढवलेल्या रविवारी कोणत्या वाराचे तास घ्यायचे? सुधारित वेळापत्रक याबाबत अवाक्षर काढत नाही. परिणामी रविवारी सगळ्यांना सभागृहात बसवून एखादे व्याख्यान ठेवले जाते, हजेरीपटावर सह्या होतात आणि एक दिवस भरल्याची नोंद होते. काही आयआयटींमध्ये अमुक शनिवारी सोमवारचे वेळापत्रक लागू राहील, असे आधीच छापलेले असते. त्याला वेगळा निधी लागत नाही.

प्रात्यक्षिकाचे दिवस मागून भरून काढणे म्हणजे काय, हे मी स्वतः केले आहे म्हणून सांगतो. वर्णपटमापक (स्पेक्ट्रोमीटर) नीट लावून लोलकाचा (प्रिझमचा) किमान विचलन कोन मिळवायला नवख्या मुलाला तास-दीड तास सहज लागतो. दुर्बिणीत फट स्पष्ट दिसेपर्यंत त्याचा डोळा आणि धीर दोन्ही दमतात. सत्राच्या शेवटी एका दिवसात दोन प्रयोग लावले की पहिला मुलगा वाचने घेतो आणि उरलेल्या मुलांच्या जर्नलमध्ये तीच वाचने, दशांशासकट, उतरतात. मी अशा जर्नलांवर सही केलेली आहे. त्याचे मला आजही वाईट वाटते, पण त्या आठवड्यात माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

रविवारचा निर्णय शहरात बसून घेतलेला दिसतो. आमच्याकडची बरीच मुले एसटीच्या पासवर येतात आणि आडवळणाच्या गावांना शाळा-कॉलेजच्या वेळेची फेरी रविवारी नसते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलीची 75 टक्के हजेरी कमी भरली, तर दोष कोणाचा? पहिल्या वर्षाची स्थिती आणखी बिकट आहे. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशफेऱ्या चालू असेपर्यंत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गातून मुले जात राहतात आणि रिकाम्या जागांवर नवी येत राहतात. सत्र महिनाभर पुढे गेल्यावर दाखल झालेल्या मुलाचे नव्वद दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, हे कोणत्याही परिपत्रकात मी वाचलेले नाही. प्रथम वर्षासाठी स्वतंत्र वेळापत्रक काढणे, निदान त्यांची सत्रान्त परीक्षा वेगळ्या तारखांना घेणे, हाच त्यावर व्यवहार्य मार्ग आहे.

आणि वर्गात शिक्षकच नसेल तर दिवस मोजून उपयोग काय? रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमले जाणारे शिक्षक मुलाखती, मान्यता असे सोपस्कार होऊन वर्गात पोहोचतात तोवर सत्राचे कित्येक आठवडे उलटलेले असतात, आणि तरी त्या आठवड्यांतले दिवस अध्यापनाचे म्हणूनच मोजले जातात. नेमणुका सत्रारंभाच्या दिवशी हातात असतील, तर रविवार मागण्याची गरज बरीच कमी होईल.

सुधारित वेळापत्रकासोबत विद्यापीठाने एक पानाचा तक्ता जोडावा: सत्रात सोमवार किती, मंगळवार किती, असे शनिवारपर्यंत, आणि जो वार पंधरापेक्षा कमी भरतो, त्याचे तास कोणत्या शनिवारी घ्यायचे ती तारीख. गणपतीच्या आधी हा तक्ता निघाला तर शुक्रवारच्या तुकडीचे दोन प्रयोग अजूनही वाचतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक