शाळेची टीमही हवीच

‘अमेरिकेत पोहणाऱ्या मुलांनी हायस्कूल टीमच्या नादी न लागता क्लबच धरावा’ हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, अजिबात पटला नाही. मान्य, क्लब वर्षभर चालतो, शाळेचा सीझन जेमतेम तीनेक महिन्यांचा आणि सगळ्यात लांब शर्यत ५०० यार्डांचीच. पण अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकली तेव्हा १५ वर्षांची होती, आणि त्यानंतरही ती शाळेसाठी पोहत राहिलीच की! माझी मुलगी क्लबात फक्त घड्याळाशी झुंजते, शाळेच्या रिलेत मात्र शेवटची मुलगी भिंतीला हात लावेपर्यंत बाकीच्या तिघी काठावर ओणव्या होऊन घसा फुटेस्तोवर ओरडत असतात, आणि त्या दिवशी घरी येताना गाडीत हिची बडबड थांबत नाही.

– एक पालक, न्यू जर्सी