पोहून पैसे कशाला जमवायचे?

मा. संपादक,
स. न.

'दान करायचंच तर मुकाट्याने करावं, त्यासाठी पळण्या-पोहण्याचा देखावा कशाला?' असं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या सदरात वाचलं. त्यात माझं नाव नाही, पण मुलींच्या पोहण्याच्या फीसाठी वही घेऊन दारोदार फिरणारी अडुसष्ट वर्षांची बाई आमच्या भागात दुसरी कुणी नसावी. तेव्हा उत्तर मीच देते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी चार वर्षांची होते. नारायण पेठेतलं आमचं बिऱ्हाड गेलं. त्यानंतर वडिलांनी ठरवलं, मुलांना पोहता आलंच पाहिजे. "त्या लोंढ्यात पोहून कोण वाचणार होतं?" असं आई म्हणायची, आणि तिचं बरोबरच होतं. तरी पुढे भोरजवळच्या आजोळी, पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाने मला विहिरीत ढकललं ते वडिलांच्या हट्टापायी. चौथ्या दिवशी त्याने डबा न सांगताच सोडला आणि मला ते काठाला लागल्यावर कळलं. तेव्हापासून पोहणं सुरू आहे. दोन बाळंतपणं आणि गुडघ्याचं ऑपरेशन, एवढाच काय तो खंड.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंचा अकरा वर्षांचा मुलगा कालव्यात बुडून गेला. चप्पल वाहून चालली म्हणून वाकला. पलीकडेच चौघीजणी धुणं धूत होत्या. तो ओरडलाच नाही. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं 'वाचवा, वाचवा' करत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? त्या बायकांच्या हातात पिळायला घेतलेल्या साड्या होत्या. एक टोक फेकून बघता आलं असतं, पण असं करायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या वेळी मी दोन किलोमीटरवरच्या तलावात निवांत फेऱ्या मारत होते. साठ वर्षं अंगात असलेली विद्या आपल्याच घरी येणाऱ्या माणसाच्या कामी आली नाही, हे डोक्यातून जात नाही. प्रेरणा काय म्हणून लोक विचारतात, ती ही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. शाळकरी वयातच पोहायला आणि पाण्यात जपून वागायला शिकवा, असं ही संघटनाच सांगते. कालव्याकाठच्या वस्तीतल्या मुलींना मी शिकवते ते फुकट. पैसे लागतात तलावाच्या फीला आणि पोशाखाला. पहिल्या दिवशी सहाजणी लेगिंग आणि टी-शर्टवर आल्या, तर दारातूनच परत पाठवल्या. नियम चुकीचा नाही, सुती कपडा भिजला की जड होतो. पण पोशाख आणि टोपी घ्यायची तर त्यांच्या घरी किराण्याला कात्री लागते.

'मग पेन्शनमधून द्या की!' देते. पुरत नाही. मागायची तर मला लाज वाटते. नुसतं 'मुलींच्या फीसाठी काही द्या' म्हटलं की शेजारी पन्नासची नोट पुढे करून दार लावतात. त्यांनाच म्हटलं, 'महिन्यात ३० किलोमीटर पोहणार आहे, २५ मीटरच्या तलावात १२०० फेऱ्या, फेरीला किती लावता?' की पैज लागल्यासारखे पुढे येतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका फेरीला एक रुपया देतात आणि रोज संध्याकाळी हिशेब घेतात. परवा पायात गोळा आला, चाळीसच्या जागी सदतीसच झाल्या. "तीन उद्या भरून काढा," काका म्हणाले, "पण तोवर वहीत लिहू नका." यात देखावा आहे, कबूल. तो नसता तर काकांचे बाराशे रुपये काही बाहेर आले नसते.

मुलींना आम्ही आधी उताणं तरंगायला शिकवतो, हात मारणं नंतर. आणि काठावर आडवं पडून ओढणी फेकायला. पोळ्यांच्या बाईंची धाकटीही येते. ती अजून काठाचा गज सोडत नाही, आणि मीही घाई करत नाही.

काल संध्याकाळपर्यंत ७२० फेऱ्या झाल्या. पत्रलेखकांना उरलेल्या ४८० ला काही लावायचं असेल तर कळवावं, वही घेऊन येते.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे