रंगीत पट्टीच्या आत पांढरा कागद: क्विलिंग साहित्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: क्विलिंग पट्ट्या, एम्बॉसिंग पावडर आणि कोरी कार्डे वेष्टनावरील वर्णनाप्रमाणे नसल्याबद्दल, रक्कम परत मिळण्याबद्दल आणि सदोष माल विक्रीतून काढण्याबद्दल.

महोदय,

मी पुण्यात राहते. कागदी क्विलिंग (कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेली चित्रे) आणि एम्बॉसिंग (कागदावर उंच उठणारी नक्षी किंवा अक्षरे) यांची शुभेच्छापत्रे घरी हाताने बनवून विकते. माझी कमाई याच कामावर आहे. तुमच्या संकेतस्थळावरून मी बरीच वर्षे साहित्य मागवते आहे. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी या वेळी ३ आणि ५ मिलिमीटरच्या पट्ट्यांची पाकिटे, सोनेरी व रुपेरी एम्बॉसिंग पावडर आणि घडीची कोरी कार्डे घेतली. तिन्हींत दोष निघाले. ईमेलवर कळवले, फोटोही पाठवले. जी उत्तरे आली त्यांवरून दिसते की उत्तर देणाऱ्या व्यक्तीला हे काम कसे चालते याची माहिती नाही. म्हणून सगळे मुळापासून लिहिते आहे.

सर्वांत गंभीर दोष पट्ट्यांचा आहे. पट्टी गुंडाळून कार्डावर बसवली की पाहणाऱ्याला तिचा सपाट भाग दिसत नाही, तिची कापलेली कड दिसते. गुलाब असो, मोर असो, पणती असो, क्विलिंगचे सगळे चित्र या कडांचे असते. त्यामुळे कागद लगद्यातच रंगवलेला लागतो. पांढऱ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना रंग छापून मग त्याच्या पट्ट्या कापल्या, तर प्रत्येक कडेला मधला पांढरा थर उघडा पडतो. सुटी पट्टी हातात धरली तर ती लालभडक दिसते, आणि तिचीच घट्ट गुंडाळी केली की फिकट गुलाबी दिसते. तुमच्या पाकिटावर ‘आरपार रंग’ असे छापलेले आहे. आतल्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी छापलेल्या आहेत. पट्टी मधोमध फाडून पाहिली तर भिंगाचीही गरज लागत नाही, पांढरे तंतू सरळ दिसतात.

याचा परिणाम काय झाला तेही सांगते. एका कुटुंबाने आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी माझ्याकडून मोठे शुभेच्छापत्र करून घेतले. कल्पना त्यांच्या नातीची होती: गर्द निळे आकाश आणि त्यात पांढरा पूर्णचंद्र. आकाशासाठी निळ्या गुंडाळ्या एकमेकींना खेटून बसवायच्या होत्या. काम पुढे सरकले तसे ते आकाश निळे दिसेचना, वर पिठूळ छटा आली. एकेक गुंडाळी वेगळी पाहिली तर हे फारसे जाणवत नाही. शेजारी शेजारी बसल्यावर सगळ्या पांढऱ्या कडा एकत्र होतात आणि रंग मरतो. त्यातच निळ्या पट्टीला फेविकॉलचा ओलावा लागताच रंग सुटला आणि चंद्राच्या कडेने निळा डाग पसरला. ते पत्र मला टाकून द्यावे लागले. रविवार पेठेत, बोहरी आळीत फिरून दुसऱ्या पट्ट्या आणल्या आणि ते सगळे पुन्हा केले. समारंभाची तारीख काही पुढे जात नाही.

रंग सुटण्याबद्दल तुमच्या प्रतिनिधींनी लिहिले की पुण्याची हवा पावसाळ्यात दमट असते आणि मी गोंद जास्त वापरत असेन. म्हणून मी तुलना करून पाहिली. तुमच्याच कंपनीच्या जुन्या पाकिटांतल्या निळ्या आणि लाल पट्ट्या माझ्याकडे उरल्या होत्या. त्या आणि या नव्या, एकाच कार्डावर, एकाच बाटलीतल्या फेविकॉलने, एकाच बैठकीत चिकटवल्या. जुन्यांचा रंग जागचा हलला नाही, नव्यांच्या भोवती वलय उमटले. दोन्हींचे तुकडे ओल्या पांढऱ्या टिश्यूपेपरमध्ये दाबून ठेवले तेव्हाही तेच झाले. दमट हवेने कागद सैल पडतो, गुंडाळी थोडी उकलते, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. पण हवेमुळे कागदाच्या पोटात पांढरा थर तयार होत नाही. कागद बदलला आहे. तो तुम्ही बदललात की तुमच्या पुरवठादाराने, हे तुम्ही शोधायचे आहे. पाकिटावरचा मजकूर मात्र जुनाच राहिला आणि तक्रारीचे मूळ तेच आहे.

पट्ट्यांची रुंदीही सारखी नाही. ३ मिलिमीटरच्या पाकिटात काही पट्ट्या एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद आहेत. अशी पट्टी गुंडाळली की गुंडाळीचा माथा सपाट राहत नाही, मधला भाग वर येतो किंवा खाली बसतो. एकट्या फुलात हे खपूनही जाईल. पाकळ्या ओळीने लावायच्या असतील, वरून पारदर्शक झाकण द्यायचे असेल, तर मुळीच चालत नाही.

आता एम्बॉसिंग पावडर. शिक्क्याला सावकाश वाळणारी पिगमेंट शाई लावून ठसा उमटवायचा, ती ओली असतानाच पावडर टाकायची, जादा पावडर झटकायची आणि हीट गनच्या गरम हवेने उरलेली वितळवायची, म्हणजे कागदावर उंच, चकचकीत रेषा उमटते. रेषा किती बारीक येईल हे पावडरीच्या दाण्यावर ठरते. तुमच्या डबीवर ‘बारीक कामासाठी’ असे लिहिले आहे म्हणून मी ती घेतली. आतला दाणा जाड आहे. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो. माझा ‘शुभेच्छा’ हा शिक्का नाजूक अक्षरांचा आहे; त्यातल्या ‘च्छ’मधल्या फटी या पावडरीने पूर्ण बुजल्या, ‘शु’चा उकार ठिपक्यासारखा झाला. अक्षर वाचता येत नसेल तर त्या उठावाचा उपयोग काय? शिवाय सोनेरी पावडरीत न वितळणारे काळपट कण आहेत. इकडेतिकडे चिकटणारी पावडर समजू नये म्हणून सांगते: शिक्का मारण्याआधी मी कागदावर नेहमी टाल्कमची पुरचुंडी फिरवते, त्यामुळे भलतीकडे कण धरत नाहीत. हे काळे कण अक्षराच्या आत, वितळलेल्या सोनेरी थरात अडकलेले आहेत.

यावर मला विचारण्यात आले की मी केस वाळवायचे यंत्र वापरते का. नाही. त्याच्या झोताने पावडर वितळण्याआधीच उडून जाते, आणि तेवढी उष्णताही त्यात नसते. हे काम करणाऱ्या कोणालाही हे पहिल्या दिवशी शिकवले जाते. मी स्वतः वर्ग घेते आणि मुलींना हेच सांगते.

कोऱ्या कार्डांबद्दल थोडक्यात. घडीवर त्यांचा वरचा थर तडकतो आणि आतला कागद दिसतो. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने बसलेले असतात. घडी त्या दिशेने घातली तर ती स्वच्छ पडते, आडवी घातली तर कागद फुटतो. कार्डाचा तुकडा एका बाजूने ओला केला की तो तंतूंच्या रेषेला धरून नळीसारखा वळतो. तुमची कार्डे घडीच्या आडव्या दिशेने वळली, म्हणजे ती चुकीच्या दिशेने कापलेली आहेत. पूर्ण तावातून जास्त नग निघावेत म्हणून असे कापतात हे मला समजते, पण मग त्यांवर ‘घडीसाठी तयार’ असे छापू नये.

याच कार्डावर स्टेन्सिलवरून सुका उठाव (पावडरीशिवाय, नुसत्या दाबाने) द्यायला गेले तर गोल टोकाच्या टाचणीखालीही वरचा थर सुटतो. पुण्यातच १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथल्या सुती चिंध्यांच्या कागदावर मी अनेकदा उठाव दिला आहे. लांब तंतूंचा तो कागद दाबाखाली वळतो, फुटत नाही, आणि उठाव वर्षानुवर्षे टिकतो. त्या दर्जाची अपेक्षा मी साध्या कार्डाकडून करत नाही. वेष्टनावर ‘एम्बॉसिंगसाठी योग्य’ लिहिले असेल तर कागदाने निदान एक साधी पणती तरी सोसावी.

तुमच्या शेवटच्या ईमेलमधला मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. त्यात लिहिले आहे की मी साहित्य व्यवसायासाठी वापरते, त्यामुळे मी ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही आणि रक्कम परत देता येणार नाही. हे कायद्याला धरून नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(७) मधले स्पष्टीकरण कृपया वाचावे. केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर हा ‘व्यापारी हेतू’ धरला जात नाही. माझ्याकडे कारखाना नाही, नोकर नाहीत. टेबल, सुई, कात्री आणि माझे दोन हात आहेत. घरी बसून कागदाचे, लोकरीचे, मण्यांचे काम करणाऱ्या कितीतरी बायका तुमच्या गिऱ्हाईक आहेत. त्यांना असे उत्तर पाठवून गप्प बसवले जात असेल तर ते ताबडतोब थांबले पाहिजे.

ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. माझ्या पहिल्या ईमेलला पोच आलीच नाही. पावडरीच्या डबीवर निव्वळ वजन नाही, महिना-वर्ष नाही, आणि पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे हा तपशील वेष्टनावर असावा लागतो. पट्ट्यांवर बॅच क्रमांक नाही, म्हणून सदोष माल नेमका कोणता हे मलाही सांगता येत नाही आणि तुम्हालाही शोधता येणार नाही.

माझी मागणी अशी. तिन्ही वस्तूंची बिलाप्रमाणे पूर्ण रक्कम आणि कुरिअरचा खर्च परत करावा; वाया गेलेल्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्राच्या साहित्याचा खर्चही द्यावा, त्याचा हिशेब सोबत जोडला आहे. बदली माल नको, कारण तोही त्याच साठ्यातून येईल. ज्या पट्ट्या छापील आहेत त्यांवरून ‘आरपार रंग’ हे शब्द काढावेत. छापील पट्ट्या विकू नका असे माझे म्हणणे नाही. शाळेच्या हस्तकलेला त्या पुरतात आणि स्वस्तही पडतात, पण घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे. कोऱ्या कार्डांच्या वेष्टनावर तंतूंची दिशा दाखवणारा एक साधा बाण छापावा आणि पावडरीचा दाणा जाड की बारीक हे खरे लिहावे. ज्यांनी याच काळात हा माल घेतला त्यांना तुमच्याकडे असलेल्या ईमेलवर कळवावे. दिवाळीची पत्रे एकदा पोस्टात पडली की परत मागवता येत नाहीत, आणि ज्याच्या हाती फिकट गुलाब जाईल तो दोष कंपनीला देणार नाही, पत्र करणाऱ्या बाईला देईल.

महिन्याभरात लेखी उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

जुन्या आणि नव्या पट्ट्या शेजारी चिकटवलेले कार्ड, मधून फाडलेल्या पट्ट्या, बुजलेल्या अक्षरांचे ठसे आणि घडीवर तडकलेले कार्ड हे नमुने या पत्रासोबत पाठवते आहे. त्यांचे फोटो आणि तेवढेच नमुने माझ्याकडे ठेवले आहेत. तपासणी करणारी व्यक्ती कागदाची जाणकार असावी, अशी विनंती आहे. फोन करायचा असल्यास क्रमांक बिलावर आहे. दुपारी माझे वर्ग असतात, तेव्हा सकाळी करावा. निर्णय मात्र लेखीच कळवावा.

आपली,
बिलावरील ग्राहक,
पुणे