सुट्टीपेक्षा गाणी ऐकवा

लतादीदींच्या निधनानंतर राज्य शासनाने सोमवारी, ७ फेब्रुवारी २०२२ला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. भावना समजते, निर्णय मात्र पटला नाही. दीदींचे आजोळ आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले, तापीकाठचे थाळनेर. त्यामुळे खान्देशात हळहळ अंमळ जास्तच. पण कचेऱ्यांना कुलूप लावून ती कशी व्यक्त होणार?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी थोरली बहीण जळगावात ऑक्सिजनवर होती. उशाशी मोबाइल, त्यावर बारीक आवाजात दीदींची भजने. शेजारच्या खाटेवरच्या आजी मास्कआडून हातानेच खुणावत, आवाज वाढव म्हणून. बरे केले ते औषधांनीच. रात्री सरल्या त्या या गाण्यांवर. (पुढे दीदींनाही करोनामुळेच रुग्णालयात दाखल व्हावे लागले, हा दैवदुर्विलास.) असे आधार घेतलेले लोक गावोगाव असतील. त्यांच्यासाठी जळगाव आकाशवाणीने रोज रात्री अर्धा तास दीदींच्या गाण्यांना द्यावा आणि सरकारी रुग्णालयांनी तो वॉर्डांत, रुग्णांना विचारून, हलक्या आवाजात लावावा. एका दिवसाच्या सुट्टीच्या मानाने याला खर्च तो काय येणार?

– एक वाचक, अमळनेर